वहीतल्या लाल फुल्या

त्या सकाळी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या गृहस्थांना मी उभे राहायला सांगितले, तेव्हा त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. उभ्याने घेतलेला रक्तदाब 98/60 भरला. दोनच आठवड्यांपूर्वी याच खोलीत तो 178/106 होता आणि गोळ्या वेळेवर घेत नसाल, असे जरा तुटकपणेच ऐकवून मी त्यांच्या ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीची मात्रा दुप्पट केली होती.

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. "डॉक्टरसाहेब, एकही गोळी चुकवलेली नाही. हे आकडे तेवढे बघा."

रोजच्या दोन वेळच्या आकड्यांशेजारी समासात काही दिवस लाल फुली होती. फुल्यांचे चार आठवडे आकडे चढत होते, पुढच्या दोन आठवड्यांत उतरत होते, आणि असे एकदा नव्हे, तीनदा घडले होते. फुली म्हणजे मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी चाललेली सुनिटिनिबची कॅप्सूल: चार आठवडे औषध, दोन आठवडे खंड. तिचे नाव मी फाइलमध्ये वाचले होते. तिचे चक्र मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

हे औषध पेशींवरील इतर काही ग्राहींबरोबर, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनांबरोबर, व्हीईजीएफ या रक्तवाहिन्यांच्या वाढ घटकाचे ग्राहीही निष्प्रभ करते, म्हणजे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. परंतु निरोगी वाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही तोच संकेत हवा असतो. तो मिळाला की अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि भोवतीचा स्नायू सैलावतो. संकेत अडला की वाहिन्या आवळणाऱ्या एंडोथेलिनचा जोर वाढतो, शिवाय अतिसूक्ष्म वाहिन्यांची संख्याही घटू लागते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधाला 1998 चे नोबेल मिळाले, हे मी विद्यार्थ्यांना हौसेने सांगत आलो आहे. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ते मला आठवले नाही.

मी ॲम्लोडिपिन पूर्वीच्या मात्रेवर आणले आणि फुल्या सुरू झाल्यावर ते कोणत्या आकड्याला वाढवायचे, थांबल्यावर कधी उतरवायचे, हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिले. मूत्रपिंडाच्या गाळणीलाही हाच वाढ घटक लागत असल्याने लघवीतील प्रथिनांची तपासणी सांगितली. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल ही रक्तदाबाची दुसरी औषधे कोणी सुचवली तर घेऊ नका, त्यांनी सुनिटिनिबची रक्तातील पातळी वाढू शकते, हेही बजावले.

"मग कॅन्सरचे औषध बंद करावे लागेल का?"

नाही, असे सांगून मी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन लावला, कारण पुढची फुली परवाच पडणार होती.