सात जुलैची रात्र, फेडरर आणि आईची दुपारची रिपीट

बुधवार, ७ जुलै २०२१. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत.

झोप येत नाहीये. फेडरर हरला. नुसता हरला असता तर एवढं लागलं नसतं, पण शेवटचा सेट ६-० गेला, तोही विम्बल्डनला, सेंटर कोर्टवर. इतक्या वर्षांत तिथे कधीच त्याने असा सेट दिला नव्हता. ३-६, ६-७, ०-६. हुरकाचबद्दल काही म्हणणं नाही, चोवीस वर्षांचा मुलगा, स्वतः फेडररला बघत मोठा झालेला, फार छान खेळला. पण तिसऱ्या सेटमध्ये फेडररचे पाय बॉलपर्यंत पोचतच नव्हते आणि ते बघवत नव्हतं. गेल्या वर्षी एकाच गुडघ्यावर दोनदा ऑपरेशन झालंय, पुढच्या महिन्यात ८ तारखेला चाळीस पूर्ण होतील. तो हात हलवून आत गेला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते तेव्हा आई म्हणाली, "रडतेस की काय गं?" मी नाही म्हटलं. रडत होते.

आजचा दिवसच तसा होता. सकाळी उठल्या उठल्या दिलीपकुमार गेल्याची बातमी. ९८ वर्षांचे होते, म्हणजे तसं बघायला गेलं तर पिकलं पान, पण आई दिवसभर गप्प गप्प होती. दुपारी तिने तिची सिरीयलही लावली नाही, बातम्याच बघत बसली, त्यामुळे संध्याकाळी ती मला रिमोट देईल असं अजिबात वाटलं नव्हतं. पण साडेसातचा 'आई कुठे काय करते'चा एपिसोड झाला, जोकोविचची मॅच संपत आली आणि तिने आपणहून रिमोट माझ्या हातात ठेवला. "घे, तुझा तो आहे ना आज. माझं बाकीचं उद्या दुपारी रिपीटला बघेन."

रिपीटला बघेन. हे वाक्य आमच्या घरात किती वर्षं आहे!

गिरगावातलं आमचं घर दोन खोल्यांचं, टीव्ही एकच. बाबा होते तेव्हापासून ही वाटणी आहे. केबल आली तेव्हा मी शाळेत होते, प्राईम स्पोर्ट्सवर विम्बल्डन लागायचं आणि बाबा ऑफिसातून येऊन शर्टही न बदलता एडबर्गची सर्व्ह-व्हॉली बघत उभे राहायचे. एखाद्या रविवारी मला कूपरेजला न्यायचे, जाळीबाहेर उभं राहून आम्ही कुणाचीही प्रॅक्टिस बघायचो, खेळणाऱ्याचं नावसुद्धा माहीत नसायचं. आईचं राज्य दुपारचं. आधी 'शांती', मग सह्याद्रीवर प्रतीक्षा लोणकरची 'दामिनी', जेवणं आटोपली, ओटा पुसला की पंख्याखाली पाय पसरून बसायचं आणि समोरच्या काकू दार लोटून आत यायच्या, त्यांची खुर्ची ठरलेली, खिडकीजवळची. त्या वेळी आम्ही मुलांनी तोंडातून आवाज काढायचा नाही. मला तेव्हा वाटायचं काय हे रडगाणं रोज रोज, आणि आईला वाटायचं एक बॉल इकडून तिकडे मारण्यात काय बघायचंय एवढं.

गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत हे असंच होतं.

मग सगळंच एकदम थांबलं. आधी अमेरिकेतली इंडियन वेल्सची टेनिस स्पर्धा रद्द झाली, १९ मार्चपासून शूटिंगं बंद, लोकल बंद, २५ला लॉकडाऊन, आणि १ एप्रिलला विम्बल्डन रद्द झाल्याची बातमी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा. मी आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे बाबा असते तर काय केलं असतं त्यांनी जूनमध्ये?" मला उत्तर सुचलं नाही. तिच्या सिरीयलींचे साठवलेले एपिसोड संपले आणि चॅनलवाले जुनेच लावायला लागले. दूरदर्शनने 'रामायण' परत लावलं तेव्हा अख्खी बिल्डिंग बघत होती, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एकच आवाज. पण ते वेगळं. रोजच्या सिरीयलमध्ये उद्या काय होणार हे कुणालाच माहीत नसतं, आणि तेव्हा नेमका 'उद्या'च कुणाकडे नव्हता. घरात वार कळेनासे झाले. मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायचे, दुपारी दोन वाजले की आई सवयीने टीव्हीसमोर येऊन बसायची, पाच मिनिटांनी उठून भांडी परत घासायला घ्यायची, स्वच्छ भांडी.

१३ जुलैला नवे एपिसोड सुरू झाले तो दिवस मला नीट आठवतो कारण आईने चक्क शिरा केला होता. आणि पहिल्याच दिवशी तिने एक गोष्ट पकडली जी माझ्या लक्षातही आली नव्हती. एका सीनमध्ये सून सासऱ्यांना चहा आणून देते. तिने कप टीपॉयवर ठेवला, दोन पावलं मागे गेली, मग सासऱ्यांनी वाकून उचलला. आई म्हणाली, "हातात नाही दिला." बस एवढंच. मग आम्ही तेच बघायला लागलो, कोण कुणाला किती लांबून बोलतंय, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीये, लग्नात माणसं पाच आणि कॅमेरा सारखा फुलांवर. अमेरिकेत 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल'वाल्यांनी तर जूनमध्ये शूटिंग सुरू करताना जवळिकीच्या सीनला पुतळे वापरले, नाहीतर नटांच्या खऱ्या नवऱ्याबायकांना आणून उभं केलं. लहानपणी स्टार प्लसवर ती लागली की आई चॅनल बदलायची. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बिचारे, त्यांना पण घर चालवायचंय."

आणि आज्या गायब झाल्या. ६५च्या वरच्या कलाकारांना सेटवर यायला सरकारने बंदी घातली होती, त्यामुळे सिरीयलमधली आजी एकदम गावाला, नाहीतर फोनवर. आई तेव्हा ६७ची. तिलाही तेच सांगितलं होतं ना सगळ्यांनी, मी पण, खाली उतरू नकोस, भाजी मी आणते, देवळात जाऊ नकोस. तिने कधी वाद घातला नाही. पण ऑगस्टमध्ये हायकोर्टाने ती बंदी उठवली तेव्हा तिने ती बातमी मला पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग पेपराची घडी करून पुढ्यात ठेवून बराच वेळ बसून राहिली. पुढे सप्टेंबरमध्ये अभिनेत्री आशालताबाई गेल्या, सिरीयलच्या शूटिंगलाच कोरोना झाला आणि साताऱ्यात गेल्या. त्या दिवशीही ती काही बोलली नाही. मला अजूनही ठरवता येत नाही यात बरोबर काय होतं, जपायचं म्हणून घरी बसवणं की त्यांचं त्यांना ठरवू देणं. दोन्ही बाजूंनी मला त्रासच होतो.

त्याच ऑगस्टच्या शेवटी यूएस ओपन सुरू झालं आणि मला तिथे तोच चहाचा कप दिसला. टॉवेल! एरवी पॉईंट संपला की खेळाडू मान हलवतो, बॉलबॉय धावत टॉवेल आणून देतो, घाम पुसून परत त्याच्याकडे. आता प्रत्येकाने आपला टॉवेल आपण जाऊन घ्यायचा, आपणच ठेवायचा. मॅच संपल्यावर हात मिळवायचा नाही, रॅकेटला रॅकेट लावायची. तेवीस हजार माणसांचं ते स्टेडियम रिकामं, बुटांचा चरचर आवाज टीव्हीवर ऐकू यायचा. आईला बोलावून दाखवलं, तिला लगेच कळलं. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर टेनिस बघायला लागली असं मी म्हणेन. डावातले मार्क १५, ३०, ४० असे का, ५ आणि १० का नाहीत, हे तिला अजून पटलेलं नाही. पण नाओमी ओसाकाने सात मॅचना सात मास्क लावले, प्रत्येकावर मारल्या गेलेल्या एकेका कृष्णवर्णीय माणसाचं नाव, ते आईने लक्ष ठेवून बघितलं, सातही. आणि पुरुषांच्या फायनलला डॉमिनिक थीम पहिले दोन सेट हरून पाचव्याच्या टायब्रेकमध्ये जिंकला ते मी तिला सकाळी सांगितलं तर म्हणाली, मला उठवायचं होतंस.

या वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला खरी पंचाईत झाली कारण तिथलं रात्रीचं सेशन आपल्याकडे दुपारी दीडला सुरू, आणि दोनला तिची रिपीट. त्याआधी ७२ खेळाडूंना हॉटेलच्या खोलीतून चौदा दिवस बाहेरच पडू दिलं नव्हतं, काही जणांनी गादी उभी करून तिच्यावर बॉल मारून प्रॅक्टिस केली. मी ते व्हिडिओ आईला दाखवले. तिने दीडला मला टीव्ही दिला, सलग आठवडाभर. एक संध्याकाळ विसरणार नाही, जोकोविच आणि फ्रिट्झची मॅच चालू होती, मेलबर्नला रात्रीचे साडेअकरा, मध्यरात्रीपासून तिथे लॉकडाऊन लागणार म्हणून मॅच अर्ध्यात थांबवून सगळ्या प्रेक्षकांना घरी पाठवलं. लोक बॅगा उचलून वळून वळून बघत चालले होते. आई म्हणाली, "आपल्याकडे पण परत लागणार बघ."

लागलंच. एप्रिलमध्ये.

एप्रिलबद्दल जास्त लिहवत नाही. मला कोरोना झाला, चौदा दिवस आतल्या खोलीत. दाराबाहेर स्टूल, स्टुलावर चहा, आई ठेवून टकटक करायची आणि पदर नाकाला लावून मागे सरकायची, मग मी दार उघडायचे. पहिल्या दिवशी त्या कपाकडे बघून मला जे झालं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. ऑक्सिमीटर ९३ दाखवायचा, ९४ दाखवायचा, आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी आकडे मोठ्याने बोलायचो. बार्सिलोनाची टेनिस फायनल मोबाईलवर बघितली, नदाल-त्सित्सिपास, ३ तास ३८ मिनिटं, मॅच पॉईंट, म्हणजे गेला तर मॅचच गेली असा पॉईंट, वाचवून नदाल जिंकला, अंगात ताप होता पण पूर्ण बघितली. आणि पलीकडून आईच्या सिरीयलचं टायटल साँग ऐकू यायचं, रोज दुपारी, ते ऐकलं की कळायचं ती ठीक आहे, जेवलीये, बसलीये. महाराष्ट्रात शूटिंग बंद झाल्यामुळे त्या वेळी युनिटं गोव्याला गेली होती. आई दाराबाहेरून सांगायची, "आज सगळे रिसॉर्टवर गेलेत गं, कारण काही सांगितलं नाही."

मग एक दिवस दुपारी ते गाणं आलंच नाही. समोरच्या काकू गेल्या होत्या. आठ दिवसांत सगळं झालं. मी खोलीत, आई एकटी दारात उभी, खाली कुणालाच जाता आलं नाही. त्यानंतर महिनाभर दुपारी टीव्ही लागला नाही. खिडकीजवळची खुर्ची तिथेच आहे, मी हलवू का विचारलं तर नको म्हणाली. जूनमध्ये मुंबईत शूटिंग परत सुरू झालं, सिरीयलमधली माणसं आपल्या घरी आली, आणि एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना बाहेरून ते टायटल साँग आलं. मी म्यूटवर जाऊन पूर्ण ऐकलं.

मागच्या सोमवारी, २८ जूनला, विम्बल्डन सुरू झालं दोन वर्षांनी. सेंटर कोर्टवर सुरुवातीलाच रॉयल बॉक्समध्ये बसलेल्या पाहुण्यांची ओळख करून दिली आणि ऑक्सफर्डच्या लसीवर काम केलेल्या सारा गिल्बर्ट तिथे होत्या. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात, सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी आईला सांगितलं की तू घेतलीस ना कोविशील्ड, पुण्यात बनते ती, ती मुळात यांची. आई खुर्चीतून उठून उभी राहिली आणि टीव्हीकडे बघून हात जोडले. मला वाटतं दीड वर्षात टीव्हीवर मी जे काही बघितलं त्यात हे सगळ्यात मोठं होतं, कुठल्याही फायनलपेक्षा.

तर आज. तिसरा सेट ०-४ झाला तेव्हा मला बंद करावंसं वाटत होतं. आई आत गेली, चहा करून आणला, रात्री दहा वाजता, आणि कप माझ्या हातात दिला. मी म्हटलं, आई हा परत येईल असं वाटत नाही. ती म्हणाली, "त्याला कुणी सांगितलंय का घरी बस म्हणून? नाही ना? मग त्याचं त्याला ठरवू दे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "गुडघा तो, गुडघ्याला वेळ लागतो. मला विचार."

२०१९च्या फायनलला ८-७, ४०-१५ असताना दोन मॅच पॉईंट गेले होते त्याचे, ते मला अजून स्वप्नात येतात. आजचा सेट येईल का माहीत नाही. खरं सांगायचं तर मला आज तो कप जास्त आठवतोय.

उद्या बायकांच्या सेमीफायनल आहेत, सहा वाजल्यापासून. आधी प्लिश्कोवा-सबालेंका का आधी बार्टी-कर्बर ते सकाळी बघते. मला बार्टी बघायचीये. साडेसातला रिमोट आईचा, त्यात काही बोलणं नाही. दुपारी दोनला मीटिंग नाहीये, तिच्याबरोबर आजचे राहिलेले एपिसोड बघणार आहे, तसं तिला सांगून ठेवलंय.