रिद्धपूरच्या ओट्यावर सासूबाईंनी विचारलेला प्रश्न

दिवाळीनंतरच्या एका दुपारी, मोर्शी तालुक्यातल्या एका संत्राबागेला लागून असलेल्या घरात, मी एकच प्रश्न चार वेळा विचारला आणि चारही वेळा त्याचे उत्तर माझ्या नवऱ्याला मिळाले. यजमान आमच्या दूरच्या नात्यातले, निवृत्त शिक्षक आणि उत्तम वाचक. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या भोवती इतक्या स्त्रिया कशा जमल्या, हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचे होते. त्यांनी सांगितलेही भरभरून, पण मान नवऱ्याकडे वळवून. "प्रश्न हिचा आहे," असे नवऱ्याने दोनदा सुचवून पाहिले. यजमानांनी हसून मान डोलावली आणि पुढचे वाक्य पुन्हा त्याच्याकडेच पाहून सुरू केले. जेवणात पाटोडीची रस्सा भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. पाहुणचारात कशाचीही कसर नव्हती आणि निघताना गाडीत संत्र्यांची पिशवी ठेवायलाही ते विसरले नाहीत. त्या माणसाच्या मनात माझ्याविषयी तिळभरही अनादर नव्हता, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती दुपार मला अजून सलते. स्वयंपाक करणाऱ्या काकू शेवटपर्यंत आमच्याबरोबर बसल्या नाहीत. त्यांना काही विचारायचे होते का, हे मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिद्धपूरला पोहोचलो. अमरावती जिल्ह्यातले हे गाव चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचा शिष्यपरिवार इथेच गोळा झाला आणि शिष्य म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ सिद्ध केला तेही याच गावच्या वाजेश्वरीत, १२७८च्या सुमारास. मराठी भाषा विद्यापीठही आता इथेच सुरू झाले आहे. महानुभावांच्या रीतीप्रमाणे स्वामींच्या वास्तव्याच्या जागा ओट्यांनी जपलेल्या आहेत. मूर्ती आणि गाभारा यांची सवय असलेल्या माझ्या सासूबाई पहिल्या ओट्यासमोर थोड्या गोंधळून उभ्या राहिल्या. त्या वारकरी घरातल्या, वय सत्तरीच्या पुढे, आणि हा पंथ त्यांनी दुरूनच पाहिलेला. सावलीत पोथी वाचत बसलेल्या एका वृद्ध तपस्विनीने त्यांना "दंडवत" म्हणून जवळ बोलावले आणि काय पाहायचे आहे ते थेट त्यांनाच विचारले. आम्ही दोघे मागे उभे होतो. आमच्याकडे त्या बाईंनी पाहिलेसुद्धा नाही. आदल्या दुपारनंतर ते साधे वागणे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले.

पुढचा तासभर त्या दोघी बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. महदाइसेची गोष्ट बाईंनी घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगितली. महदाइसा बालविधवा, स्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांची चुलत बहीण आणि मराठीतली आद्य कवयित्री. गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने तिने धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले, त्यांत कृष्ण-रुक्मिणीचे लग्न आहे, आणि ती रुक्मिणी याच जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेल्या कौंडण्यपूरची मानली जाते, भावाने ठरवलेला वर नाकारून स्वतः निरोप धाडणारी. स्वामींना महदाइसा सतत काही ना काही विचारत असे. "म्हातारी जिज्ञासक, चर्चक, एथ काही पुसतचि असे," हे स्वामींचे तिच्याविषयीचे उद्गार बाईंनी कौतुकाने म्हणून दाखवले. एखाद्या विधवेच्या विचारण्याची अशी नोंद व्हावी, आणि तीही स्तुती म्हणून, असे त्या काळातले दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

मग जीवुलीची गोष्ट निघाली. पुरुष आणि स्त्री यांत भेद करू पाहणाऱ्याला स्वामींनी विचारले होते की, तुमचा तेवढा जीव आणि यांच्या काय जीवुल्या? तुम्हाला देव, आणि यांना काय वेगळी देवी आहे? हे वाक्य मी पुस्तकात अनेकदा वाचले होते, पण सत्तरीच्या दोन बायांमध्ये ते उच्चारले गेले तेव्हा त्याचे वजन मला प्रथमच कळले. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आणि नित्य मानले आहेत. त्यांतला जीव बद्ध आहे, मुक्तीला पात्र आहे, आणि त्याला लिंग नाही. एवढे मान्य केले की स्त्रीचा मोक्षाचा अधिकार कुणाच्या दयेवर उरत नाही, तो सिद्धान्तातूनच निघतो. विटाळाबाबतही तीच सरळ रीत दिसते. नाकाडोळ्यांतून मळ येतो तसाच हाही देहाचा एक स्राव, तो येतो आणि थांबतो, त्याचा विटाळ धरू नये, असे स्वामी सांगतात. माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांत आजही त्या दिवसांत सुनेला बाजूला बसवतात, आणि ती घरे अशिक्षित नाहीत.

स्त्रीमुक्तीच्या विचाराचा उगम शिकताना आम्ही नेहमी युरोपातून सुरुवात केली. १६७३ साली फ्रान्समध्ये पुलाँ द ला बार याने देकार्तच्या विचाराच्या आधारे मांडले की मनाला लिंग नसते. १७९२ साली इंग्लंडमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टने स्त्रीलाही आत्मा आणि विवेक आहे, म्हणून सद्गुणाचे माप दोघांना एकच असले पाहिजे, असा युक्तिवाद केला. दोघांच्याही विचाराची पहिली पायरी रिद्धपूरसारखीच आहे: देहाच्या आतले जे आहे, त्याला स्त्री-पुरुष असा भेद नाही. त्यांचे मोल मी कमी करत नाही. मला खंत एवढीच वाटते की ही पायरी माझ्या माहेरापासून दीड तासावर आहे, हे मला पन्नाशीला येईपर्यंत कुणी सांगितले नाही.

याला कारणही पंथाच्या इतिहासातच आहे. पंथातले ग्रंथकार केशोबास यांचा कल संस्कृतकडे दिसला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, "नको गा केशवदेया, येणे माझिया म्हातारिया नागवतील." ज्ञान म्हातारीला कळेल अशा भाषेत राहावे, एवढ्यासाठी मराठी राखली गेली. आणि पुढे तेच ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पंथाबाहेरच्या कुणालाही वाचता येत नव्हते. ज्या म्हाताऱ्यांसाठी भाषा वाचवली, त्यांच्या नाती-पणतींच्या हाती ते शब्द पडायला सहाशे वर्षे लागली. हे मला फार मोठे नुकसान वाटते.

बाईंचे सांगणे संपत आले तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "मले एक सांगा बाई. जीव सारखाच हाय म्हणता, तं मंग घर सोडल्याबिगर तो सारखा काऊन होत नाही?"

बाईंनी पोथी मिटली. "मी घर लहानपणीच सोडलं," त्या म्हणाल्या. "घरातलं मला ठाऊक नाही. ते तुम्हीच शोधलं पाहिजे." त्यांनी उत्तर रचून सांगितले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटला. महदाइसेला मोकळेपण मिळाले ते संन्यासात. संसारात राहिलेल्या बाईच्या वाट्याला काय, हा प्रश्न तिथे मोकळाच राहतो.

पुढचे दोन दिवस चिखलदऱ्याला गेले. गर्दी इतकी होती की एकाही पॉइंटवर शांत उभे राहता आले नाही.

तिथल्या दुसऱ्या रात्री, खोलीत थंडीने झोप येत नव्हती म्हणून, मी बॅगेतली ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' काढली. सासूबाईंच्या प्रश्नाशी थेट भिडलेले दुसरे मराठी पुस्तक मला आठवत नाही. ताराबाई बुलढाण्याच्या, म्हणजे याच वऱ्हाडाच्या दुसऱ्या टोकाच्या, आणि त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला ताराबाईंनी १८८२ साली हे पुस्तक लिहून उत्तर दिले. ताराबाई जीवापासून सुरुवात करत नाहीत. त्या घरापासून, नवऱ्यापासून, बोडलेल्या डोक्यापासून सुरुवात करतात. जे दुर्गुण बाईचे म्हणून सांगता ते तुमच्यात नाहीत काय, हे एकेक दुर्गुण घेऊन विचारतात, आणि शास्त्रे कुणी लिहिली हेही विचारतात. जोतीराव फुल्यांनी १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. महदाइसेचे शब्द ताराबाईंच्या काळी लिपीत बंद, आणि ताराबाईंचे शब्द पुढे नव्वद वर्षे धुळीत. दोघींचा विचार एकाच मातीतला असून एकमेकींपर्यंत पोहोचला नाही.

"मोठ्यानं वाच," सासूबाई म्हणाल्या. मी विधवेविषयीचा भाग वाचला. नवरा मेला की बाईने केस काढून अंधारात बसायचे, तर बायको मेल्यावर पुरुषानेही दाढीमिशा भादरून अरण्यात का राहू नये, असे ताराबाई तिथे विचारतात. सासूबाईंनी तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग त्या उठून बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तुह्या मोठ्या काकानं दुसरं लगन किती दिवसांनी केलं होतं रे?"

"तीन महिन्यांनी," तो म्हणाला.

त्यांनी शाल नीट लपेटून घेतली आणि मला पुढचे पान वाचायला सांगितले.