चांदणी चौक पुन्हा बांधताना: जुना चौक अखेर तुंबला

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारायच्या कॉम्प्युटर खेळातला माझा पुण्याचा जुना चांदणी चौक दिसायला पूर्ण झालाय. जुना म्हणजे ऑक्टोबर २०२२ च्या आधीचा. वरून एनडीए-पाषाण रस्त्याचा पूल, खालून मुंबई-बेंगळुरू महामार्ग, एकीकडे कोथरूडहून चढत येणारा पौड रस्ता आणि पलीकडे मुळशी. बेत असा होता की आधी जुना चौक खऱ्यासारखा तुंबवायचा, मग त्याच टेकड्यांमध्ये नवी रचना बसवायची आणि दोन्हींची तुलना करायची.

पण जुना चौक तुंबेचना. यातच तीन आठवडे गेले.

आता नव्यानं या खेळात आलेल्यांसाठी एक गोष्ट आधी सांगतो. मूळ खेळात फार वेळ अडकलेली गाडी आपोआप गायब होते. त्यामुळे कोंडी सुटल्यासारखी वाटते, पण ती सुटलेली नसते. ट्रॅफिक मॅनेजर या मॉडमध्ये (मॉड म्हणजे खेळाला बाहेरून जोडायची भर) हे गायब होणं बंद करता येतं. इंटरचेंजचं काम करायचं असेल तर पहिल्या दिवशीच ते बंद करा, नाहीतर केलेल्या कुठल्याच मोजणीला अर्थ राहत नाही. माझं ते बंदच होतं. पुलाखाली तीन लेनच्या दोन केल्या होत्या. मुळशीकडून येणाऱ्या गाड्या वाढवून पाहिल्या, ट्रक वाढवून पाहिले. रांग लागायची, पण थोड्या वेळात विरून जायची. एवढी शिस्तशीर वाहतूक या चौकानं कधी पाहिली नसेल.

शेवटी एका रविवारी संध्याकाळी वही घेऊन प्रत्यक्ष चौकात गेलो. पावसाळी रविवार, ताम्हिणीहून परतणारी गर्दी. सेवा रस्त्याच्या कडेला कणसं भाजणारे एक काका होते, त्यांच्या गाडीशेजारी उभा राहून मोजत होतो. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "सर्वे चाललाय का साहेब? आणखी रुंदी करणारेत?"

म्हटलं, "नाही काका, कॉम्प्युटरवर जुना चौक बनवतोय. पूल होता तसा. पण गाड्या अडकतच नाहीत."

त्यांनी कणीस फिरवलं आणि म्हणाले, "एसटी दाखवली का त्यात? पूल अरुंद होता ते खरंच. पण साताऱ्याकडं जाणारी माणसं इथं रस्त्यावर उभी असायची ना. त्यांच्यासाठी गाडी थांबायची. एसटी थांबली की मागं टेम्पो, टेम्पोमागं कंटेनर. झालं."

घरी येईपर्यंत हेच डोक्यात फिरत होतं. कारण माझ्या चौकात एसटी नव्हती, आणि असूही शकत नव्हती! या खेळातल्या महामार्गाला फूटपाथच नसतो. फूटपाथ नाही म्हणून त्यावर बसथांबा ठेवता येत नाही आणि माणूसही उभा राहत नाही. आपल्याकडच्या महामार्गाच्या कडेला पिशवी घेऊन हात दाखवणारा माणूस खेळ बनवणाऱ्यांच्या नकाशातच नाही. मी पुलाची उंची, उतार, वळणं सगळं मोजून केलं होतं, पण चौक ज्यानं तुंबायचा ती गोष्टच वगळून बसलो होतो.

मग पुलाच्या अलीकडचा २४० मीटरचा तुकडा काढला (खेळाच्या मापानं तीस घरं, एक घर ८ मीटरचं) आणि तिथं फूटपाथ असलेला एकमार्गी रस्ता टाकला. वेगमर्यादा महामार्गाएवढीच ठेवली, कडेला थांबा दिला आणि त्यावरून तीन बसमार्ग नेले. पहिली बस थांबली. तिच्या मागे ट्रक थांबला. या खेळात गाड्या लेन बदलतात त्या नोडपाशी, म्हणजे रस्त्याचे दोन तुकडे जोडले जातात त्या बिंदूपाशी, दोन नोडच्या मधे नाही. त्यामुळे ट्रकमागची गाडी शेजारची लेन मोकळी असूनही जागची हलली नाही. बस निघाली तोवर रांग मागच्या नोडपर्यंत गेली होती. त्या नोडवर डावीकडच्या गाड्या मधल्या लेनमध्ये घुसल्या, मधल्या लेनचा वेग पडला, आणि पुढे पुलाखाली तीनाच्या दोन होताना सगळंच आवळलं. पंधरा मिनिटांत रांग मुळशीच्या चढावर पोचली. खऱ्या चौकात गाडीवाले उजवीकडे कट मारायचे, इथं ते मुकाट उभे राहतात. कारणात एवढा फरक आहे, पण रांग अगदी तशीच लागली. ती पाहताना मला खरंच आनंद झाला.

उंचसखलपणाचं थोडक्यात: खेळाच्या उंचीनकाशात दर १६ मीटरला एकच बिंदू असतो. १७.२८ किलोमीटरचा नकाशा १०८१ बिंदूंत बसवल्यावर एवढंच मिळतं. त्यामुळे टेकडी कापून काढलेला महामार्गाचा खंदक आयात करताना गुळगुळीत होऊन जातो. तो हातानं परत खणलाय. मूव्ह इट मॉडनं नोड एकेक करून खाली घेतले. वेळखाऊ आहे, पण उतार चुकला तर पुलाची उंची चुकते आणि पुढचे सगळे रॅम्प चुकतात.

आता नव्या रचनेकडे. खऱ्या चौकाचा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असेल. २०१७ साली भूमिपूजन, मग भूसंपादनात गेलेली वर्षं, ऑगस्ट २०२२ मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा इथंच अडकला, आणि २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे एक वाजता सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून पूल पाडला. तेवढ्यानंही तो पूर्ण खाली आला नाही, उरलेला भाग पोकलेननं काढावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ ला नवी रचना खुली झाली, आठ रॅम्पची.

आठ रॅम्प कशाला, असं काही जणांनी विचारलं होतं. कागदावर दिशा मांडून बघा: मुंबई, सातारा, कोथरूड, बावधन-पाषाण, मुळशी, एनडीए. सहा दिशा, प्रत्येकीतून उरलेल्या पाचांकडे जायचं, म्हणजे तीस हालचाली. महामार्गावरून सरळ जाणाऱ्या दोन सोडल्या तरी अठ्ठावीस उरतात. क्लोव्हरलीफ, म्हणजे चार पाकळ्यांसारख्या गोल रॅम्पची रचना, का नाही याचं उत्तरही यातच आहे. क्लोव्हरलीफ चार दिशांसाठी असतो. आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीत त्याच्या पाकळ्या उजवीकडे वळणाऱ्यांसाठी असतात, आणि दोन पाकळ्यांच्या मधल्या छोट्या पट्ट्यात चढणाऱ्या नि उतरणाऱ्या गाड्या एकमेकींना छेदतात. अमेरिकेतला पहिला क्लोव्हरलीफ १९२९ साली न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला झाला, तिथंही आता पूर्ण पाकळ्या उरलेल्या नाहीत. शिवाय पाकळ्यांना सपाट जागा लागते. इथं दोन्हीकडे टेकड्या आहेत.

माझ्या रचनेत सगळ्यात जास्त घोळ झाला तो मुळशी ते मुंबई रॅम्पवर. वळण सुंदर जमलं होतं, टेकडीला धरून जाणारं. पण तो महामार्गाला मिळत होता तिथं तीन लेन अधिक एक लेन मिळून पुढे तीनच लेन होत्या. मग ८० मीटरची चौथी लेन दिली. फरक पडला नाही, फक्त कोंडी ८० मीटर पुढे सरकली. आता चौथी लेन थेट पुढच्या एक्झिटपर्यंत नेलीय आणि तिथं ती एक्झिटमध्येच विरते. मधे कुणालाच जबरदस्तीनं घुसावं लागत नाही. लेन कनेक्टरनं (कुठल्या लेनमधून कुठल्या लेनमध्ये जाता येईल ते ठरवायचं साधन) मुख्य तीन लेनना रॅम्पच्या लेनमध्ये यायला पहिल्या दोन नोडवर बंदी घातली, आणि रॅम्पवरची रांग गेली. माझा अनुभव असा की रॅम्पची वळणं घोटवण्यात घालवलेल्या वेळातला निम्मा वेळ जिथं दोन प्रवाह मिळतात तिथं घालवावा.

आणि काकांची एसटी मी नव्या रचनेतही ठेवलीय. थांबा महामार्गावरून उचलून सेवा रस्त्यावर नेला, बससाठी आत खाच दिली. थांब्यावरून बावधनच्या बाजूला आणि कोथरूडच्या बाजूला जाणारा पादचारी पूल टाकला. खरा चौक खुला झाल्यावर गाड्यांचा प्रश्न बराच हलका झाला, पण पायी ओलांडणाऱ्यांचे हाल झाले. हे मला मनापासून खटकतं. सहा दिशांचा हिशोब गाड्यांसाठी केला, तसाच तो चालणाऱ्यांसाठीही कागदावर मांडायला हवा होता. माझ्या मॉडेलमध्ये पादचारी पुलाचा पहिला आराखडा लांबलचक रॅम्पचा होता, तर खेळातली माणसंसुद्धा तो टाळून लांबच्या सिग्नलवरून जात होती. जिना थेट थांब्याशी उतरवल्यावर गर्दी पुलावर आली.

बाकी राहिलेलं काम: एनडीएकडून मुंबईकडे जाणारी हालचाल अजून एका ठिकाणी सिग्नलवर अडते. दिशादर्शक फलक लावायचे आहेत. आणि रविवारची पूर्ण गर्दी काही खेळात उतरवता येत नाही, कारण एका वेळी १६,३८४ गाड्यांपलीकडे खेळ जात नाही आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या उरलेल्या शहरात फिरत असतात. शहराचा पूर्वेकडचा भाग तात्पुरता काढून फक्त चौक आणि सहा रस्ते ठेवावेत असा विचार आहे. कुणी असं केलं असेल तर बाहेरून येणाऱ्या गाड्यांचं प्रमाण कसं राखलं ते सांगा. आणि लाल एसटीचं, शक्यतो जुन्या परिवर्तनचं, खेळात घालता येईल असं नीट मापातलं अ‍ॅसेट कुणाकडे असेल तर तेही हवंय. सध्या थांब्यावर निळी परदेशी बस थांबतेय.