शेजारच्या खोलीतला मुलगा

लालबागच्या चाळीत वाढलो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तुमच्या बरोबरची पोरं टोळीत गेली, मग तुम्ही कसे वाचलात?’ विचारणाऱ्याला संस्कार, जिद्द, आईचा धाक असं काहीतरी ऐकायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगतो. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते आणि शेजारच्या खोलीतले काका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. फरक तेवढाच.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काही थकून परत गेले, असंख्यांना पुन्हा आत घेतलंच नाही. आमच्याकडे दर महिन्याला पगार येत राहिला. शेजारी आधी रेडिओ गेला, मग तांब्याचे हंडे, मग काकूंच्या मंगळसूत्रातल्या वाट्या. काका कोकणात गावी गेले आणि थोरल्याची शाळा सुटली.

एरवी अशा मुलाचं काय झालं असतं? बापाच्या ओळखीनं गिरणीत बदली कामगाराचं कार्ड मिळालं असतं. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा झाला की त्याच्या जागी आत. अभ्यासात कच्चा, डोक्यानं तापट मुलगाही तिथे मार्गी लागायचा, पुढेमागे कायम व्हायचा, लग्न व्हायचं. गेट बंद झालं आणि पोरं नाक्यावर उभी राहू लागली.

टोळ्या संपातून जन्मल्या, हे मला पटत नाही. रामा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी यांची भायखळ्याची टोळी आधीपासून होतीच. संपानं त्यांना पोरं पुरवली.

शेजारच्या मुलाला पहिलं काम मिळालं निरोप पोचवायचं. त्या गणपतीत तो साखर आणि तेलाचा डबा घेऊन घरी आला. काकूंनी डबा उचलून ठेवला, कुठून आणलास म्हणून विचारलं नाही. धाकट्या दोघी करंज्यांची वाट बघत स्टोव्हपाशी बसल्या होत्या. मी काकूंना दोष देत नाही.

मग एकदा नाक्यावर मारामारी झाली. आम्ही दोघंही तिच्यात होतो, दोघांनाही चौकीत नेलं. माझे वडील ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच आले, साहेबांशी बोलले, मला घरी घेऊन गेले. त्याच्यासाठी घरचं कोणी येण्यासारखं नव्हतं. भाईचा वकील आला, जामीनही भाईनंच भरला. तिथून पुढे तो भाईचा झाला. पोलिसांत नाव लागलेल्या पोराला दुसरं काम तरी कोण देणार होतं?

चाळीतली बहुतेक पोरं टोळीत गेली नाहीत. कोणी खानावळीचे डबे पोचवले, कोणी भाजी विकली, कोणी वॉचमन झाला. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘गरिबीचं कारण सांगू नका’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती पोरं काय सोसून उभी राहिली, ते मी पाहिलंय.

आता पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या येतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवता येतो. तरी वय अजून खाली आणा, अशी मागणी होतेच. बातमीत मुलाचं वय हमखास असतं. बाप काय काम करतो, शाळा कधी सुटली, पहिल्यांदा पकडला तेव्हा सोडवायला कोण आलं होतं, यातलं काहीच नसतं, आणि मी तेच शोधत असतो.