बीमिम पीएफ६: पाणी, आम्ल आणि उष्णता एकत्र आली की

आयनी द्रवांची, म्हणजे कमी तापमानालाही द्रव राहणाऱ्या मिठांची, ओळख करून देताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: यांची वाफ होत नाही आणि यांना सहजी आग लागत नाही. दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. अडचण अशी, की एवढं ऐकून विद्यार्थी हा द्रव तेलासारखा निरुपद्रवी समजू लागतात. म्हणून आज एकाच द्रवाबद्दल सविस्तर लिहितो: १-ब्युटिल-३-मिथाइलइमिडॅझोलियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. प्रयोगशाळेत त्याला सगळे बीमिम पीएफ६ म्हणतात: बीमिम हा त्यातला धन आयन, पीएफ६ हा ऋण आयन.

१९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवा आणि पाण्यात टिकणारे इमिडॅझोलियमचे द्रव मांडले आणि या क्षेत्राला वेग आला. त्याआधीचे ॲल्युमिनियम क्लोराईडचे द्रव ओलावा लागताच हायड्रोजन क्लोराईड सोडायचे. त्यांच्या तुलनेत पीएफ६ शांत वाटला, आणि ‘पाण्याला स्थिर’ हे बिरूद त्याला चिकटलं. ते अर्धवट आहे. खोलीच्या तापमानाला, आम्ल नसताना, पीएफ६ आयन पाण्यासोबत बराच काळ टिकतो. पण आम्ल आणि उष्णता आली की पाणी त्याचे फ्लुओरीन एकेक करून काढू लागतं आणि हायड्रोजन फ्लोराईड, म्हणजे एचएफ तयार होतो. २००३ मध्ये स्वॅटलोस्की, होल्ब्रे आणि रॉजर्स यांनी नेमका हाच मुद्दा मांडला: शुद्धीकरण करतानाच हा द्रव विघटित होऊ शकतो. एचएफ स्वतः आम्ल असल्यामुळे पुढचं विघटन आणखी सोपं होतं. एकदा सुरू झालेली गोष्ट आपोआप थांबत नाही, यातच खरा धोका आहे.

आम्ल येतं कुठून? बहुतेक वेळा तयार करण्याच्या पद्धतीतून. पीएफ६ दोन मार्गांनी आणता येतो: एचपीएफ६ या आम्लाचं जलीय द्रावण वापरून किंवा त्याचं पोटॅशियम मीठ (केपीएफ६) वापरून. माझं मत स्पष्ट आहे, पोटॅशियम मीठच वापरा. एचपीएफ६ च्या बाटलीत एचएफ आधीच असतो, मिश्रण तापतं आणि शेवटी आम्ल धुऊन काढत बसावं लागतं. बीमिम क्लोराईड १७.५ ग्रॅम (०.१ मोल) आणि केपीएफ६ १८.५ ग्रॅम सुमारे २५० मिली पाण्यात खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळलं की खाली जड थर बसतो. घनता साधारण १.३७, त्यामुळे सेपरेटिंग फनेलमध्ये आपला माल खालच्या थरात असतो. घाईत तोच फेकला जातो, म्हणून पृथक्करण पूर्ण होईपर्यंत एकही थर टाकू नका.

धुताना एक हिशेब लक्षात ठेवा. हा द्रव पाण्यात मिसळत नाही असं आपण म्हणतो, पण सुमारे २ टक्के विरघळतोच. म्हणजे १०० मिली पाण्यासोबत जवळपास २ ग्रॅम माल जातो. त्यामुळे मोठ्या एका धुण्यापेक्षा थंडगार पाण्याची छोटी धुणी करा, किंवा आधी डायक्लोरोमिथेनमध्ये घेऊन मग धुवा. धुण्याच्या १ मिली पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून ढगाळपणा येत नाही ना ते पाहा; आला तर क्लोराईड अजून उरलंय. आणि ते पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, कारण त्यात तो २ टक्के आहेच.

सुकवण्याचा टप्पा सगळ्यांत नाजूक, आणि घाई इथेच होते. पाणी पटकन जावं म्हणून तेलाचा बाथ १२० अंशांवर नेला जातो. द्रवात ओलावा आणि राहिलेलं आम्ल दोन्ही असताना हीच एचएफ बनवण्याची कृती ठरते. आधी धुण्याचं पाणी पीएच कागदाला उदासीन लागल्याची खात्री करा, मगच निर्वातात ६० ते ७० अंशांवर, ढवळत, सावकाश सुकवा. रोटाव्हॅपचा (निर्वातात फिरवत सुकवणाऱ्या यंत्राचा) फ्लास्क आतून धुरकट दिसू लागला तर काच कोरली जातेय असं समजा. तो फ्लास्क निर्वाताखाली पुन्हा वापरू नका, कारण कोरलेली काच दाबाखाली फुटते. पंपाच्या आधी थंड ट्रॅप हवाच. एचएफचा संशय असेल तर त्याच्या पुढे आम्ल शोषणाऱ्या सोडालाइमचा एक थर ठेवा, नाहीतर पंपाचं तेल आणि धातू दोन्ही खराब होतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे सगळं आणखी अवघड होतं. हा द्रव पाण्यात न मिसळणाऱ्यांपैकी असला तरी हवेतला ओलावा शोषतो. बाटली उघडी ठेवून वजन करत बसलात तर मोजलेला पाण्याचा आकडा काही तासांत खोटा ठरतो. साठवणीसाठी एचडीपीई प्लास्टिकची किंवा टेफ्लॉनची बाटली, वर कोरडा नायट्रोजन, आणि लेबलवर उघडल्याची तारीख. काच टाळा.

जुनी बाटली वापरण्याआधी दोन मिनिटांची तपासणी पुरते. प्लास्टिकच्या नळीत १ ग्रॅम द्रव आणि ५ मिली शुद्ध पाणी घेऊन झाकण लावा, चांगलं हलवा, आणि वरच्या पाण्याच्या थराचा पीएच बघा. तो ५ च्या खाली गेला तर माझ्या हिशेबाने ती बाटली गरम प्रयोगात जाणार नाही. फ्लुओरीन एनएमआर (फ्लुओरीन कोणत्या रूपात आहे ते संकेतांवरून ओळखणारं मापन) हाताशी असेल तर निदान पक्कं होतं: पीएफ६ आयनचा दुहेरी शिखरांचा संकेत सुमारे −७२ पीपीएमला, सुमारे ७१० हर्ट्झच्या अंतराने दिसतो. डायफ्लुओरोफॉस्फेट तयार झालं असेल तर −८३ पीपीएमच्या आसपास, सुमारे ९६० हर्ट्झ अंतराची नवी दुहेरी शिखरं उगवतात. ही शिखरं दिसली की विघटन झालंय, मग द्रव कितीही स्वच्छ दिसो.

हाताळणीतली एक साधी गोष्ट: हा द्रव पाण्याच्या शेकडो पट घट्ट आहे. साध्या मायक्रोपिपेटने घेतलेलं माप चुकतं, बराचसा द्रव टोकाच्या आत चिकटून राहतो. वजनानेच घ्या, ५ मिली हवं असेल तर ६.८५ ग्रॅम. मायक्रोवेव्ह अभिक्रियेत तो ऊर्जा फार जोरात शोषतो, आणि घट्ट असल्यामुळे ढवळणं अडलं तर एखादी जागा बाकीच्यापेक्षा खूप तापते. तापमापक भलताच आकडा दाखवत असताना आत विघटन सुरू झालेलं असतं. कमी वॅटपासून सुरुवात करा आणि ढवळणारी पट्टी खरंच फिरतेय याची खात्री करा. ‘३५० अंशांपर्यंत टिकतो’ अशी वाक्यं तापमान मिनिटाला १० अंशांनी वाढवून केलेल्या मापनातून येतात. तासन्‌तास त्याच्या जवळच्या तापमानाला ठेवला तर तो तेवढा टिकत नाही. आणि आग लागत नाही याचा अर्थ जळत नाही असा नाही. जोरात तापवल्यावर निघणाऱ्या विघटनातल्या वायूंना आग लागू शकते, शिवाय धुरात एचएफ असतो.

वाफ नाही याची दुसरी बाजूही आहे. सांडलेला थेंब उडून जात नाही, तिथेच राहतो. बाकावर, फ्रीजच्या दांड्यावर, दाराच्या कडीवर. सांडल्यावर व्हर्मिक्युलाइट किंवा कॅल्शियम कार्बोनेटने शोषून घ्या, मग ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. आम्लधर्मी झालेल्या द्रवावर वाळू टाकू नका, एचएफ सिलिकाशी अभिक्रिया करतो. एकदा वापरायचे पातळ नायट्राइल ग्लोव्हज शिंतोड्यापुरते ठीक, लागल्या लागल्या बदलायचे. एचएफची शक्यता असेल तिथे जाड ब्युटिल किंवा निओप्रीन, आणि काम फ्यूम हूडमध्येच.

एचएफ त्वचेला लागल्याचं लगेच कळत नाही, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट. २० टक्क्यांपेक्षा विरळ असेल तर वेदना चोवीस तासांपर्यंत उशिरा येऊ शकतात. तोवर फ्लोराईड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो, आणि मोठ्या भागावर लागलं असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून वेदना नाहीत म्हणून थांबू नका. दूषित कपडे काढा, ५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, आणि २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहा, नवे ग्लोव्हज घालून. जेल नसेल तर धुणं १५ मिनिटं. विकत मिळत नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या १०० मिली लुब्रिकंट जेलमध्ये २.५ ग्रॅम कॅल्शियम ग्लुकोनेट घोटून ठेवा, तारीख लिहा आणि जुनी झाली की बदला. डोळ्यात जेल घालायचं नाही, तिथे १५ मिनिटं पाणी. दवाखान्यात ‘केमिकल लागलं’ म्हणू नका. ‘हायड्रोफ्लुओरिक ॲसिड’ हा शब्द सांगा, ईसीजी आणि कॅल्शियमबद्दल विचारा, आणि सुरक्षापत्रक सोबत न्या. वेदना मोजूनच उपचार पुढे न्यायचे असतात, त्यामुळे भाग बधिर करायची घाई नको.

कॅटायनचाही, म्हणजे धन आयनाचाही, विचार करा. इमिडॅझोलियमची कार्बनची शेपूट जितकी लांब, तितकी पाण्यातल्या जीवांना विषारीपणा जास्त. आठ कार्बनांचा ऑक्टिल चार कार्बनांच्या ब्युटिलपेक्षा बराच वरचा. २०१८ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांना ईशान्य इंग्लंडमधल्या एका कचराभूमीजवळच्या मातीत मिथाइल-ऑक्टिल इमिडॅझोलियम सापडलं, आणि यकृताच्या एका आजाराशी त्याचा संबंध असू शकेल का असा प्रश्न त्यांनी मांडला. वातावरणात न जाणारा पदार्थ मातीत आणि पाण्यात मात्र जातो.

कचऱ्यासाठी वेगळी एचडीपीई बाटली ठेवा, झाकण घट्ट न करता, दुसऱ्या ट्रेमध्ये उभी. लेबलवर ‘पीएफ६ असलेला, एचएफ शक्य’ असं स्पष्ट लिहा. नायट्रिक आम्ल, ब्लीच किंवा पेरॉक्साइडच्या बाटलीत ओतू नका. आणि ती बाटली घेऊन जाणाऱ्या माणसाला तोंडीही सांगा.