मार्सेय: सुझितोंची उतरण हलक्यात घेऊ नका

"कालांक म्हणजे पाऊण तासाची मजेत चाल, चपलांवरही होईल." निघण्याआधी ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. कालांक म्हणजे फ्रान्समधल्या मार्सेयजवळ चुनखडीच्या कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. सुझितों ही त्यांतलीच एक, आणि तिच्या बाबतीत हे साफ खोटं आहे.

कास्तेलान मेट्रो स्टेशनवरून बी१ बस घ्या. शेवटचा थांबा ल्युमिनी, विद्यापीठाचं आवार. तिथून पाइनच्या झाडीतला रुंद कच्चा रस्ता खिंडीपर्यंत जातो आणि त्यात कसलाच त्रास नाही. लोक वर्णन करतात ते एवढ्याच भागाचं. खिंडीपलीकडे समुद्र दिसतो आणि उतरण सुरू होते. खालच्या टप्प्यातला पांढरा चुनखडक इतक्या पावलांनी घासला गेलाय की काचेसारखा झालाय. आपला सह्याद्रीतला कातळ कोरडा असला की बूट धरून ठेवतो. हा कोरडा असतानाच सटकतो. पायऱ्या वाटणारे दगड दरीच्या बाजूला कललेले, वर बारीक खडी. माझ्यापुढचा एक धडधाकट माणूस पोराला मांडीवर घेऊन बसून बसून उतरला, आणि मला तेच शहाणपणाचं वाटलं. सँडल, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज अजिबात नकोत. राजगड-तोरणा केलेल्यांना अंतराचं काही वाटणार नाही, पण तिथे चाललेले झिजके बूट इथे चालणार नाहीत.

गर्दीच्या पायांनी इथली मातीही निघून गेली आहे, पाइनची मुळं उघडी पडली आहेत. म्हणूनच २०२२ पासून उन्हाळ्यात गर्दीच्या दिवसांत रोज फक्त ४०० माणसांना सोडतात. आरक्षण फुकट, पण आधी ऑनलाइन करावंच लागतं. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे वाटा अचानक बंदही होतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी कालांक राष्ट्रीय उद्यानाचा ऑनलाइन नकाशा बघून घ्या. वाटेत पाणी कुठेच नाही, माणशी दोन लिटर हवंच. मोठा चढ परतीला येतो, तोही उन्हात, म्हणून सकाळी लवकर उतरा आणि दुपार व्हायच्या आत वर या.

एवढं सांगूनही, त्या हिरव्यानिळ्या पाण्यात पहिली बुडी मारली तेव्हा आलो याचं सार्थक झालं. जा, नक्की जा.

ल्युमिनीच्याच दिशेला माझार्गचं युद्धस्मशान आहे. १९१४ च्या सप्टेंबरात भारतीय फौजा मार्सेयलाच उतरल्या होत्या. इथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. त्याला तास-दीड तास द्याच.

बहुतेक मराठी माणसं 'मार्सेलिसची उडी' शोधत जुन्या बंदरावर जातात. तिथे आता होड्या नि हॉटेलं आहेत. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया'तून उडी घेतली, पण त्या काळी मोठ्या आगबोटी उत्तरेला जोलिएतच्या बाजूच्या नव्या गोद्यांत लागत. गोद्यांच्या आत सहज फिरता येत नाही. त्यापेक्षा म्युसेम संग्रहालयाच्या गच्चीवर जा. गच्ची आणि शेजारचा सें-झाँ किल्ला फुकट, तिकीट फक्त आतल्या प्रदर्शनांना. मंगळवारी बंद. तिथून गोदीच्या बाजूचा धक्का आणि पाणी बघत उभं राहिलं की पोहून धक्का गाठणं आणि तरीही पुन्हा पकडलं जाणं, दोन्ही अंगावर येतं. मी बराच वेळ हललो नाही.

नोत्र दाम द ला गार्द, टेकडीवरचं चर्च: पायी चढण्यात काही विशेष नाही, ६० नंबरची बस थेट वर नेते. आत छतापासून टांगलेल्या छोट्या होड्या बघा आणि बाहेर भिंतींवरच्या १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा.

शातो दिफ, समोरच्या बेटावरचा जुना तुरुंग-किल्ला: बोटीचं तिकीट वेगळं, किल्ल्याचं वेगळं. मिस्त्राल वारा सुटला की बोट तिथे लागत नाही, म्हणून त्या सकाळी धक्क्यावर विचारूनच तिकीट काढा.

बुयाबेस म्हणजे इथला प्रसिद्ध माशांचा रस्सा. त्याच्या नावाखाली बंदरासमोरच्या एका हॉटेलात आम्हाला लालसर सूप आणि माशाचे दोन तुकडे मिळाले, बिल मात्र भरभक्कम. खऱ्या बुयाबेसचे नियम इथल्या हॉटेलवाल्यांनी १९८० साली लिहून ठेवलेत: ठरलेल्या माशांपैकी किमान चार जाती हव्यात, आणि रस्सा नि मासे वेगवेगळे वाढायचे. ते स्वस्त नाही, अनेक ठिकाणी एकट्यासाठी करत नाहीत, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. फळ्यावर 'आजची बुयाबेस' स्वस्तात दिसली तर पुढे चालायला लागा.