थंडीतली सीएनजी स्कूल बस: माझा अनुभव

वाईहून पाचगणीच्या शाळेत मुलं नेणारी माझी एक बस आहे. डिझेलची जुनी गाडी काढून सीएनजी घेतली तेव्हा जो तो म्हणाला, पसरणी घाटात दम निघेल. थंडीचं कुणीच बोललं नाही.

डिसेंबरात पहाटे सेल्फ मारला की गाडी नुसती घरघर करायची. त्यातच ड्रायव्हर अण्णांनी गॅसच्या दाबाचा काटा दाखवला. "मालक, राती 200 बारला भरून आणलीया. आता बघा कुठं आलाय. गळतंय कुठंतरी."

पोरांची गाडी आणि गॅसगळती! बस तिथंच उभी केली, पालकांना फोन करून दुसरी गाडी लावली. साबणाचं पाणी करून व्हॉल्व्हपासून एकेका जोडावर सोडलं. एक बुडबुडा नाही. सीएनजी केंद्रावरच्या माणसाने यंत्र फिरवून बघितलं, तिथेही काही नाही. तो म्हणाला, भरताना दाबाने टाकीतला गॅस तापतो, रात्रभरात गारठला की दाब 20-30 बारने सहज उतरतो. गॅस तेवढाच राहतो, काटा तेवढा खाली येतो.

गळतीचं मिटलं, पण गाडी सुरू होईना. एका गॅरेजने न उघडताच रिड्यूसर, म्हणजे टाकीतल्या गॅसचा दाब इंजिनासाठी कमी करणारा भाग, बदला म्हणून भलामोठा आकडा सांगितला. मग साताऱ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, गॅसला कशाला दोष देता? थंडीत मेण धरतं ते डिझेलमध्ये. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांतही न गोठणारं डिझेल काढलं ते त्याचसाठी. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्याचा द्रव व्हायला उणे 161 अंश लागतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दंव गोठतं, ती थंडी त्याच्या खिजगणतीतही नाही.

त्यांनी ठिणगी पाडणारा प्लग काढून हातावर ठेवला. टोक झिजलेलं, फट वाढलेली. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, आणि बॅटरी गारठ्यात आधीच मंदावलेली. टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली होती, ती घासून काढली, प्लग नवे टाकले. अर्ध्या सेल्फात गाडी घेतली.

घाटात मात्र पसरणी सोडल्यावर दोन-चार वळणांत झटके यायचे. बॉनेट उघडलं तर रिड्यूसरवर पांढरा बर्फ! एवढ्या दाबाचा गॅस एकदम सुटला की गार पडतो, म्हणून इंजिनचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. आमच्या गाडीत ते पाणी, म्हणजे कूलंटच कमी होतं आणि नळीत हवा अडकलेली. हवा काढली, कूलंट भरलं, झटके थांबले. रिड्यूसर जुनाच आहे.

आता प्लग, बॅटरी, कूलंट दिवाळीच्या सुट्टीतच बघून घेतो. गॅसच्या सिलिंडरची दर 3 वर्षांची हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) त्याच सुट्टीत उरकतो, म्हणजे शाळेचे दिवस मोडत नाहीत. पालक विचारतात, इलेक्ट्रिक का नाही घेतली? थंडीत रेंज थोडी घटते, पण आपल्याकडच्या गारठ्यात ती अडचण नाही. वाईत रात्रभर चार्जिंगची सोय झाली तर पुढची गाडी तीच घेईन.